माळ्यावरची पेटी कुणाची?

लग्नसराईत बाजाराच्या दिवशी भांड्याच्या दुकानासमोर जरा उभे राहून पाहा. नाव घालणारा पोरगा मांडीवर तांब्या घेऊन बसलेला असतो. यंत्राची सुई कर्रकर्र चालते आणि पितळेवर अक्षरं उमटतात. घागर मामाकडून, परात मावशीकडून, मिसळणाचा डबा शेजारणीकडून. खाली तारीख. हे नाव घालायचं कशासाठी? तर भावकीच्या कार्यात भांडी एकमेकांत मिसळली तरी ज्याचं त्याला ओळखता यावं. इतका साधा हिशेब.

आता तुमच्याच घरात पाहा. स्वयंपाकघरातल्या फळीवर, माळ्यावर, धान्याच्या खोलीत अशी काही भांडी आहेत का, की ज्यांवर नाव आहे त्या बाईला घरातून जाऊन कैक वर्षं झाली? असतील तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. नसतील तर गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरात असतील. त्यांना वाचायला द्या.

आमच्या भावकीतलीच गोष्ट सांगतो. दुसऱ्याचं झाकलेलं उघडं करण्यापेक्षा आपलंच सांगितलेलं बरं. नावं मात्र घेत नाही. ज्यांची गोष्ट आहे ती माणसं आज आपापल्या जागी बरी आहेत.

चुलत्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं आणि चार वर्षांत बिनसलं. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. जमलं नाही, एवढंच. सून अंगावरच्या कपड्यानिशी माहेरी गेली ती गेलीच. पुढं कोर्टातून संमतीनं फारकत झाली. मागं राहिलं ते असं : लोखंडी कपाट, शिलाई मशीन, नाव घातलेली अठ्ठावीस भांडी, एक पत्र्याची पेटी आणि तिच्या बापानं दिलेली एक शेळी.

या सामानाचं काय करायचं, हे कुणी ठरवलंच नाही. चुलते म्हणायचे, “आमी काय तिचं खाल्लंय? यावं आन् न्यावं.” तिचा भाऊ म्हणायचा, “आमी कशाला त्यांच्या दारात जाऊ? त्यांनी आणून टाकावं.” दोन्हीकडं चोर कुणीच नव्हतं. आडवा आला तो मान. पेटी माळ्यावर गेली. शिलाई मशीनवर घोंगड्यांची थप्पी चढली. शेळी व्यायली, पुन्हा व्यायली. मुलाचं दुसरं लग्न झालं. नवी सून रोज पहाटे ज्या तांब्यानं पाणी घ्यायची, त्यावर पहिलीचं नाव होतं. तिला वाचता येत होतं. सहा वर्षं तिनं ते नाव वाचलं आणि कुणाजवळ बोलली नाही.

तिकडं माहेरी पहिलीनं अंगणवाडी मदतनिसाच्या जागेसाठी अर्ज करायचं ठरवलं. शाळेचा दाखला हवा होता आणि दाखला पेटीत. तिनं निरोप पाठवला. चुलते म्हणाले, “बघू, सुगी उरकू दे.” दाखल्याची दुसरी प्रत मिळवायला ती दोनदा शाळेत गेली, तोवर अर्जाची मुदत संपली. एका कागदापायी हाताशी आलेली संधी गेली.

ही बातमी घरात आली त्या रात्री नवी सून पहिल्यांदा बोलली. “मामा, हा तांब्या ज्येचा त्येला देऊन टाका. मला माझा घेऊन द्या.”

दुसऱ्या दिवशी चुलते माझ्याकडं आले. कायदा काय म्हणतो ते विचारायला. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उतरला. तुम्हीही ऐका.

कायद्यानं मालकी कुणाची?

लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर बाईला स्वतःला म्हणून जे मिळालं ते तिचं स्त्रीधन. माहेरच्यांनी दिलेलं तेवढंच नव्हे, सासू-सासऱ्यांनी आणि नवऱ्यानं तिला दिलेलंसुद्धा. दागिने, भांडी, कपडे, रोख रक्कम, जनावर, सगळं त्यात आलं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ याच्या कलम १४ नुसार अशा मिळकतीवर तिची पूर्ण मालकी असते.

“लगीन करून घरात आली म्हंजे तिचं ते घराचं” असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. हा समज सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात खोडून काढला. बाईचं स्त्रीधन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या ताब्यात असलं तर ते ठेव म्हणून असतं. ठेव मागितल्यावर ती द्यावी लागते. मुद्दाम अडकवून ठेवली किंवा परस्पर विल्हेवाट लावली, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग होतो. पूर्वी यासाठी भारतीय दंड संहितेचं कलम ४०६ लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ लागतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फारकत झाली म्हणून ही मालकी बदलत नाही. न्यायिक फारकतीनंतर बाईनं स्त्रीधन मागितलं, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली सांगितलं की जोवर वस्तू परत दिली जात नाही तोवर तो गुन्हा चालूच राहतो. तेव्हा “आता किती वरसं झाली, कोण विचारतंय” या भरवशावर कुणी राहू नये.

सोन्याची गोष्ट आपल्या शेतकऱ्याच्या घरात जास्त नाजूक. बियाण्याला, बोअरला, दवाखान्याला बायकोचं सोनं गहाण पडलं नाही असं घर विरळा. यावर एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. केरळातल्या एका बाईला माहेरून ८९ पवन सोनं मिळालं होतं. एक पवन म्हणजे आठ ग्रॅम. ते सासरच्या देण्यापायी संपलं. न्यायालयानं म्हटलं की अडचणीच्या वेळी नवरा बायकोचं सोनं वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याच्यावर बंधन आहे. त्या नवऱ्याला २५ लाख रुपये द्यायला सांगितलं. म्हणजे सोनं गहाण असेल तर सोडवून द्या, मोडलं असेल तर किंमत ठरवून द्या. “शेतीतच गेलं की” हे खरं असलं तरी त्यानं देणं फिटत नाही.

आता माहेरच्यांनीही ऐकावं. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीनं अधिकार दिला नसेल तर तिचं स्त्रीधन मागण्याचा हक्क बापालासुद्धा नाही. मालकीण ती. भावानं सामान परस्पर आणून स्वतःच्या संसारात वापरायला काढलं, तर तोही तिचाच देणेकरी.

मुस्लिम कुटुंबात तलाक झाला असेल तर १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्क संरक्षण) कायदा आहे. मेहर आणि लग्नाआधी, लग्नात वा लग्नानंतर माहेरच्यांनी, मित्रमंडळींनी, नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी तिला दिलेल्या सगळ्या वस्तू तिला मिळाव्यात असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

राहता राहिल्या दोघांना मिळून आलेल्या वस्तू. टीव्ही, पलंग, फ्रिज. लग्नाच्या वेळी दोघांना मिळून मिळालेल्या अशा वस्तूंबद्दल घटस्फोटाच्या हुकुमातच तरतूद करण्याचा अधिकार हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २७ नं न्यायालयाला दिला आहे. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात साधारण सहा महिने जातात. तेवढ्यात यादी करून ती तडजोडीच्या पुरसिसला जोडा. आमच्या चुलत्यांनी हे तेव्हाच केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आहेराची वही शोधा

यादी करायची तर आधार हवा. तो तुमच्या पेटीतच असतो. मांडवात एक जण पाटावर बसून आहेर लिहून घेतो ना, तीच वही. कुणी काय दिलं, किती दिलं, नातं काय, सगळं तिच्यात असतं. आपण ती परतफेडीच्या आहेरासाठी जपतो. तिचा उपयोग त्याहून मोठा आहे.

हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण न मागता, रिवाज म्हणून दिलेल्या भेटींना त्यात सूट आहे आणि त्या भेटींची यादी ठेवण्याचे नियम १९८५ साली केंद्र सरकारनं केले. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं; खाली नवरा-नवरी दोघांनी सही करायची. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा घ्यायचा आणि वाचणाऱ्यानंही सही करायची. आपली आहेराची वही या यादीची सख्खी बहीणच. फक्त त्यात नवरीला काय आणि नवऱ्याला काय हे वेगळं लिहिलेलं नसतं आणि खाली सह्या नसतात. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी एवढी दोन कामं करावीत. अपशकुन वगैरे काही होत नाही. घरात विळा आहे म्हणून कुणी बोट कापून घेत नाही.

वही नसेल तर भांड्यांवरची नावं वाचा. सोनाराच्या पावत्या पाहा. लग्नाचे फोटो काढा. रुखवताच्या फोटोत निम्मा संसार दिसतो.

सामान देण्याची रीत

पहिलं म्हणजे कागद. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, आधार कार्ड, बँकेचं आणि बचत गटाचं पासबुक, मुलांची लसीकरणाची कार्डं. यांसाठी टेम्पोची, पंचांची, सुगी उरकायची वाट पाहू नका. आजच्या आज पोचते करा आणि पोच घ्या. शिधापत्रिकेतून तिचं नाव कमी करून तसा दाखला तहसीलमधून घेऊन द्या, म्हणजे माहेरच्या कार्डावर तिला नाव चढवता येईल.

दुसरं, पोटापाण्याची साधनं. शिलाई मशीन, शेवयाचं यंत्र, पिठाची चक्की, जे तिचं असेल ते. मशीन आमच्या घरात घोंगड्यांखाली आठ वर्षं गंजलं. तिकडं ती शेजारणीच्या मशीनवर रोजानं ब्लाऊज शिवत होती. हे आम्हाला ठाऊक होतं, हे लिहिताना लाज वाटते.

तिसरं, दिवस लेखी कळवा. दोन-तीन तारखा द्या. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. ती स्वतः येणार, की तिनं लेखी अधिकार दिलेलं माणूस, हे आधी ठरवा.

चौथं, सामान दिवसाउजेडी द्या. दोन्हीकडचा एकेक पंच, गावातली एखादी वडीलधारी बाई आणि जमलं तर पोलीस पाटील. यादी मोठ्यानं वाचा, वस्तू पुढं ठेवा, खूण करा, मोबाइलवर फोटो काढा. सोनं सोनाराकडं तोलून ग्रॅममध्ये लिहा. यादीच्या तीन प्रती. एक तिची, एक तुमची, एक पंचांकडं.

पाचवं, जे फुटलं, हरवलं, विकलं ते लपवू नका. “घागर फुटली, मोडीत दिली” असं लिहा आणि किंमत धरा. लपवलेली एक वाटी दिलेल्या सगळ्या भांड्यांवर संशय आणते.

सहावं, हे दोन्ही बाजूंना लागू आहे. नवऱ्याची मोटारसायकल सासुरवाडीला राहिली असेल, त्याच्या शेताचे कागद तिच्या पेटीत गेले असतील, त्याच्या आजीची पुतळ्यांची माळ नुसती कार्यापुरती घालायला दिली असेल, तर तेही त्याच दिवशी, त्याच यादीवर परत यावं. मात्र “आधी तुमचं, मग आमचं” अशी अडवणूक नको.

आणि एक. रागाच्या भरात कपडे पेटवणं, भांडी मोडीत घालणं, फोटो फाडणं असलं काही करू नका. तुमचा राग चार दिवसांनी जातो, पण दुसऱ्याची वस्तू नासवल्याचा पुरावा राहतो.

शेळी आणि तिची करडं

आमच्याकडं खरं घोडं अडलं ते शेळीवर. मूळ शेळी एक. आठ वर्षांत तिची पिलावळ झाली, बोकड विकले, पाठी वाढवल्या. चुलते म्हणाले, “शेळी तिची कबूल. पर चारा माझा, राखण माझी.” यात तथ्य होतं.

मौज अशी की १८७२ च्या करार कायद्यात नेमकं हेच उदाहरण आहे. एकानं आपली गाय दुसऱ्याकडं सांभाळायला ठेवली, गाय व्यायली, तर वेगळं काही ठरलेलं नसताना गायीबरोबर वासरूही मालकाला द्यावं लागतं, असं कलम १६३ सांगतं. त्याच कायद्यात फुकट सांभाळणाऱ्याला झालेला जरुरीचा खर्च मालकानं द्यावा असंही आहे. हे नियम ठेवीच्या व्यवहाराचे. नवरा-बायकोच्या वादात न्यायालय प्रकरण पाहून ठरवील. पण गावात बसून मिटवायचं तर यापेक्षा बरा काटा दुसरा नाही. आमच्याकडं ठरलं ते असं : दोन गाभण पाठी तिच्या, विकलेल्या बोकडांचे पैसे चारा-राखणीत वळते. दोघांनीही मान डोलावली.

गावकारभाऱ्यांसाठी चार शब्द

सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीचे सदस्य यांनी एक गाठ पक्की बांधावी. स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. एखाद्या समाजात तशी जुनी रूढी असेल आणि ती सिद्ध होत असेल तर गोष्ट वेगळी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ नं तेवढी वाट ठेवली आहे. एरवी कोर्टाचा हुकूमच लागतो. सामान परत द्यायला मात्र ना हुकूम लागतो, ना घटस्फोट. ती मागेल तेव्हा द्यायचं.

“भांडी घे आन् पोटगी सोड” असा सौदा तुमच्या समोर होऊ देऊ नका. भांडी तिचीच आहेत. तिचीच वस्तू तिला देऊन बदल्यात हक्क सोडून घेणं हा न्याय नव्हे. यादीखाली एक ओळ लिहून घ्या : “हे सामान मिळाले, इतर कोणताही हक्क यामुळे सोडलेला नाही.” समाजाच्या पंचायतीनं वाळीत टाकण्याचा धाक घातला तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, हेही सांगा.

ग्रामपंचायत आणि तलाठी कार्यालयानं नावं कमी करण्याची घाई करू नये. १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्तीत सातबाऱ्यावर, २००३ नंतर ‘घर दोघांचे’ मोहिमेत नमुना आठवर बायकांची नावं लागली. फारकत झाली म्हणून नवऱ्याच्या एकट्याच्या अर्जावर ते नाव पुसता येत नाही. फेरफाराची नोटीस तिच्या आताच्या पत्त्यावर गेली पाहिजे आणि तिचं म्हणणं ऐकलं पाहिजे.

घरात छळ झालेला असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ याच्या कलम १९ खाली स्त्रीधन परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. अर्जासाठी संरक्षण अधिकारी मदत करतात. वकिलाच्या फीची काळजी करणाऱ्या बाईला तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवा. १९८७ च्या कायद्यानं बाईला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.

टेम्पो आला त्या दिवशी

आमच्याकडं टेम्पो सकाळी आला. ती स्वतः आली होती. वही वाचली. अठ्ठावीसपैकी पंचवीस भांडी निघाली. एक घागर मोडीत गेली होती, दोन वाट्या सापडल्या नाहीत. तसं लिहिलं, पैसे धरले. चुलतीनं चहा पुढं केला. “आत्याबाई, गुडघं दुखायचं थांबलं का?” तिनं विचारलं. चुलतीनं पदर डोळ्याला लावला, उत्तर काही दिलं नाही.

तांब्या शेवटी आला. नव्या सुनेनं तो आदल्या रात्री चिंच लावून लख्ख घासून ठेवला होता. तिनं तो आपल्या हातानं पहिलीच्या हातात दिला. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण दोघींनीही तो घटकाभर धरून ठेवला.

मग पहिलीनं तिथंच ओट्यावर पेटी उघडली. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. तिनं तो पिशवीत घालून कमरेला खोचला आणि टेम्पोत बसली.

टेम्पो गेल्यावर चुलते बराच वेळ ओट्यावर बसून होते. मग म्हणाले, “सकाळच्या धा वाजंपत्तोर उरकलं. आन् आपुन आठ वरसं लावली.”

वाचकहो, तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर सुगीची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच शिडी लावा. वर चढा, पेटी खाली घ्या, पुसा आणि आत काय आहे ते दोन माणसांदेखत लिहून काढा. उद्या सकाळी पत्र टाका.